बावतीस काकांचा स्कॅन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. चर्चमध्ये पापकबुलीला फादरांसमोर गुडघे टेकले तेव्हाही नाही — तिथे चिडचिड, आळस असलं काहीतरी सांगून मी मोकळी होते.

विरारच्या एका सेंटरमध्ये मी सीटी स्कॅन काढते. छातीच्या स्कॅनला पेशंटने श्वास रोखायचा असतो. मशीनमधली सूचना हिंदीत आहे, आणि आमच्या वसईच्या गावांतली म्हातारी माणसं ती ऐकून गोंधळतात. म्हणून गाववाला आला की मी ती बंद करते आणि माइकवर आमच्या बोलीत स्वतः सांगते. डॉक्टर कौतुक करायचे. मलाही त्याची जरा मिजास होतीच.

बावतीस काका आमच्याच आळीतले. फुप्फुसात गाठ निघाली होती. ऑपरेशन होईल की नाही, ते स्कॅनवर ठरणार होतं. गाठ आणि शेजारची मोठी रक्तवाहिनी यांच्यामध्ये बारीक रेघ दिसली तर आशा. नाही दिसली, तर गाठ चिकटलेली असावी.

त्या दिवशी मी फोनवर होते — पुतणीचं लग्न, शिंप्याने ब्लाउज बिघडवलेला. मशीनची सूचना मी बंद केलेली, आणि माइकवर बोललेच नाही. बटण दाबलं. काका आत श्वास घेत राहिले. त्यांना कोण सांगणार? चित्रं हलली, धूसर आली.

परत काढता आला असता. पण शिरेतून पुन्हा औषध द्यावं लागलं असतं, आणि डॉक्टरांना कारण सांगावं लागलं असतं. मी फॉर्मवर लिहिलं — पेशंटला श्वास रोखता येत नाही.

काकांना! जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट फुंकलेल्या माणसाला. माझ्या लग्नातही तेच वाजवत होते.

रिपोर्ट आला — रेघ दिसत नाही, गाठ चिकटलेली वाटते. सर्जनने माझी ओळही वाचली. एवढा दम नसेल तर ऑपरेशन झेपायचं नाही, म्हणाले.

इथवर तुम्ही म्हणाल, चूक झाली. चुका होतात. पण थांबा — खरं पुढेच आहे.

चार दिवसांनी काकांची मुलगी ब्रिजित घरी आली. "तू रोज बघतेस ना गं हे सगळं. पप्पांना मुंबईला नेऊन परत स्कॅन काढू का?"

एवढं 'हो' म्हणायला काय लागतं? पण नवा स्कॅन स्वच्छ आला असता, तर जुना का हलला हे कुणीतरी विचारलं असतं.

"काय उपयोग?" मी म्हटलं. "तेच येणार. कशाला त्यांना दगदग?"

ती गेली. मी कुकर लावला.

काका सात महिने जगले. रेघ होती का? मी ती चित्रं कितीदा उघडून पाहिली, काही कळत नाही. गाठ खरंच चिकटलेली असेलही — आणि नसली तर? आधी हा विचार आला की रात्री उठून बसायचे. आता काहीच होत नाही. त्याचीच मला लाज वाटते.

काका गेल्यावर महिन्याने त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा झाली, त्या प्रार्थनेनंतर ब्रिजित चर्चच्या दारात माझ्या गळ्यात पडली. "तू खरं सांगितलंस म्हणून पप्पांची फरफट वाचली गं."

मी तिची पाठ थोपटली. म्हटलं, "आपल्या माणसाला कोण खोटं सांगेल?"