प्रिन्सेसला फिरवणारा ओडेल

ओडेल गॅस्किन्स घरातून निघाला की आधी त्याचं पोट रस्त्यावर येतं, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी ओडेल. एवढा धिप्पाड गडी अमेरिकेतल्या ह्या क्लीव्हलंड शहरात, आमच्या काळ्यांच्या वस्तीत दुसरा नाही. बस डेपोत ब्रेक दुरुस्त करतो. तिथले लोक सांगतात की जॅक बिघडला तर बस उचलायला ओडेललाच हाक मारतात. थाप असणार, पण त्याच्याकडे बघून खरी वाटते.

हाच गडी टेकडीवरच्या गोऱ्यांच्या दुकानात शिरला की मात्र बघण्यासारखा. खांदे आत ओढलेले, हात खिशाबाहेर. एक साबणाची वडी घ्यायची असली तरी आधी टोपली शोधणार, कारण आपल्या हातात दिसलेली वस्तू चोरीची असते आणि टोपलीतली विकत घ्यायची. बाहेर पडताना पावती अशी पुढे धरणार, जणू लग्नाची पत्रिका वाटायला निघालाय. लिफ्टमध्ये कोपऱ्यात, बटणांकडे तोंड करून, मास्तरांनी उभं केल्यासारखा. पुढे एखादी गोरी बाई चालत असली तर हा चर्चमधलं भजन शिट्टीवर वाजवायला लागतो, म्हणजे तिला कळावं की मागून देवाचा माणूस येतोय. तरी ती पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतेच. मग ओडेल रस्ता ओलांडतो.

"आणि दोन्ही बाजूंना बायका असल्या तर?" रूबीने एकदा विचारलं होतं. केस करायच्या तिच्या सलूनमध्ये, भरल्या दुपारी.

"उभा राहतो," ओडेल म्हणाला, "आणि बुटाची नाडी बांधतो."

बायका हसून हसून खुर्च्यांवरून पडायच्या राहिल्या. पण नाडी बांधणारा एकेक पुरुष त्या सगळ्यांच्याच घरात होता, त्यामुळे हसू जरा लवकरच थांबलं.

तर ह्या ओडेलला गेल्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज चाला, नाहीतर पाय गमवाल. त्याची बायको व्हर्नेल, तिने त्याच संध्याकाळी रताळ्याचा 'पाय', तो भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, उचलून शेजारी वाटून टाकला आणि नवऱ्याच्या पुढ्यात बूट आणून ठेवले.

चालायचं कुठे? आमच्या रस्त्याचे फूटपाथ झाडांच्या मुळांनी उखडलेले. टेकडीवर मात्र तळं आहे, त्याच्याभोवती सपाट वाट, वर सावली. सरकारी वाट आहे, कुणीही चालावं. ओडेल दोनदा गेला आणि दोन्ही वेळा गस्तीची गाडी त्याच्या चालीने शेजारून सरकत राहिली. काच खाली. इकडे कुठे? चालतोय, साहेब. राहता कुठे? खाली. मग खाली का नाही चालत? घरी आला तेव्हा व्हर्नेलने त्याचा रक्तदाब मोजला आणि म्हणाली, "ह्यापेक्षा रताळ्याचा पाय खा, साखर परवडली."

त्याच सुमारास समोरच्या मिस अर्लीनचा गुडघा बदलला. म्हातारीची कुत्री होती, प्रिन्सेस. पांढरी, कापसाच्या बोळ्याएवढी, अंगात गुलाबी स्वेटर. म्हातारीने गळ घातली, "ओडेल बाळा, तेवढं हिला फिरवून आण." तो तिला गाडीत घालून तळ्यावर घेऊन गेला, आणि चमत्कार झाला. तीच वाट, तोच माणूस. पण लोक थांबायला लागले. "अगंबाई, किती गोड! नाव काय हिचं?" नाव सांगताना ओडेलचा आवाजसुद्धा बारीक झाला. गस्तीची गाडी आली, आतल्या पोलिसाने हात हलवला. मिसेस हॅलोरन नावाची एक बाई तर रोज खिशात कुत्रीसाठी खाऊ घेऊन यायला लागली. तिने ओडेलचं नाव कधी विचारलं नाही. तो तिच्या लेखी प्रिन्सेसचा माणूस.

म्हातारीचा गुडघा बरा झाला, ती स्वतः चालायला लागली, तरी ओडेल काही दोरी सोडेना. रोज सकाळी कामाच्या आधी दारात हजर. "द्या तुमची राजकन्या." रूबीच्या सलूनमध्ये ह्यावरून काय काय पिकलं ते विचारू नका. व्हर्नेलच्या कानावर गेलं तर ती म्हणाली, "मिस अर्लीनने नेलाच तर नेऊ दे, तिचं तिला कळेल. रात्री घोरतो."

सगळ्यांनी चेष्टा केली, ती त्याने हसून घेतली. लागली ती लाँझोची.

लाँझो ब्रीडन म्हणजे त्याचा जोडीदार. दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून दर शुक्रवारी लाँझोच्या घरी पत्त्यांचा, व्हिस्टचा डाव बसतो, आणि ह्या खेळात जोडीदार समोरासमोर असतात. लाँझोची बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा डाव चुकला नाही. ओडेल पत्ते घेऊन गेला आणि नुसते खेळले. लाँझो टपालखात्यातून निवृत्त झालेला, काटकुळा, तोंडाने तिखट. तर एका शुक्रवारी ओडेल सांगत बसला होता की मिसेस हॅलोरनने आज प्रिन्सेसला काय दिलं. लाँझोने हातातले पत्ते लावता लावता विचारलं, "मला एक सांग, पट्टा नक्की कुणाच्या गळ्यात असतो रे? तिच्या की तुझ्या?"

ओडेलने हातातले पत्ते टेबलावर टाकले, टोपी उचलली आणि निघून गेला. डाव अर्धा टाकून जायची ही त्याची पहिलीच वेळ.

चारपाच दिवस बोलणं बंद. शेवटी लाँझोच्या जिवाला लागलं. फोनवर माफी मागणं त्याच्या रक्तात नाही. तेव्हा तो सकाळी उठून, जुनं निळं जाकीट चढवून, सरळ तळ्यावर गेला आणि बाकावर बसून राहिला. ओडेल वळणावरून येईल, मग दोघं चालू, चालता चालता निघून जाईल सगळं. एवढाच बेत.

पण रिकाम्या हाताने बाकावर बसलेला आपला माणूस तिथे किती वेळ टिकणार?

ओडेल वळणावर आला तेव्हा गाडी आधीच उभी होती. तरणा पोलीस बाकासमोर, हात कमरेशी. चारपाच माणसं जरा लांब उभी, त्यांत मिसेस हॅलोरन. आणि बाकावर लाँझो, दोन्ही पंजे गुडघ्यांवर उताणे ठेवून. ते पंजे ओडेलने ओळखले. पोलिसासमोर तसेच ठेवायला दोघांनाही लहानपणी घरात शिकवलेलं.

"मी मित्राची वाट बघतोय," लाँझो सांगत होता. "तो इथे चालतो रोज. कुत्री असते बरोबर."

"काय नाव मित्राचं?"

लाँझोने मान वर केली. त्याला ओडेल दिसला. चेहरा उजळलाच त्याचा क्षणभर.

मिसेस हॅलोरनलाही तो दिसला. ती चटचट पुढे आली, खिशातून खाऊ काढत. "बरं झालं तुम्ही भेटलात! तो माणूस म्हणतोय, कुत्रीवाल्या कुणाची तरी वाट बघतोय. तुमच्या ओळखीचा आहे का हो?"

पोलिसानेही वळून बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

ओडेलने नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं, तरी त्याला कळलं नाही की त्या वेळी मनात काय होतं. काहीच नव्हतं बहुतेक. तोंडावर हसू होतं. ते त्याने आणलेलं नव्हतं, त्या वाटेवर ते आपोआप येत असे. आणि त्या हसऱ्या तोंडातून शब्द आले, "नाही, बाई."

लाँझोने डोळे खाली घेतले. नाव विचारलेलं होतं, उत्तर त्याच्या जिभेवर होतं. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. तो पोलिसाला म्हणाला, "माझीच काहीतरी चूक झाली असेल, साहेब."

मित्राची गोष्ट खोटी ठरली म्हटल्यावर पुढचं ठरलेलंच. त्याला उठवलं, गाडीवर हात टेकून उभं केलं, खिसे बाहेर काढले. चष्म्याचं घर, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या. ह्या वयाच्या माणसाच्या खिशातला एवढासा संसार गाडीच्या टपावर मांडला गेला. मिसेस हॅलोरन वाकून कुत्रीला खाऊ भरवत होती. भरवून झाल्यावर ओडेल म्हणाला, "आभारी आहे, बाई," आणि चालू लागला. त्याच संथ चालीने. मागे वळून बघितलं नाही.

आपल्या गाडीत बसल्यावर त्याने स्वतःला समजावायला सुरुवात केली. पोलिसाच्या अंगावर चालून जायचं नसतं. एकाचे दोन काळे झाले की गोष्ट चिघळते. लाँझोलाही हे ठाऊक आहे. सगळं खरं होतं. फक्त एवढंच, की त्याला पुढे जायला कुणी सांगितलंच नव्हतं. जागच्या जागी उभं राहून 'हो' म्हणायचं होतं.

घरी जेवण गेलं नाही. व्हर्नेलने विचारलं तर म्हणाला, साखर. तिने बोट टोचून बघितलं. साखर उत्तम होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पट्टी कचऱ्यात टाकली.

शुक्रवार आला. न जावं तर का नाही ते सांगावं लागणार. गेला.

लाँझोच्या स्वयंपाकघरात व्हर्नेल मक्याच्या पिठात घोळवून मासे तळत होती. बाहेरच्या खोलीत टेबलाशी रूबी आणि चर्चची सेवा बघणारे डीकन पर्विस, ते दोघं जोडीदार. लाँझोने ओडेलची खुर्ची नेहमीच्या जागी ओढून ठेवली होती. "ये, बस," एवढंच म्हणाला. मागच्या शुक्रवारचा विषय नाही, तळ्याचा नाही. ओडेलला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या डावाला रूबीने विचारलं, "लाँझो, तुला वर पोलिसाने धरलं म्हणे? माझ्या गिऱ्हाइकाच्या भाचीने पाहिलं."

"धरलं कसलं, मान दिला," लाँझो पत्ते वाटत म्हणाला. "कितीतरी वर्षांत कुणी माझे खिसे इतक्या प्रेमाने तपासले नव्हते. खोकल्याची गोळी उजेडात धरून बघत होता पोरगा. म्हटलं, घे एक, घसा बसलाय तुझा."

"असं म्हणालास?"

"मनात म्हटलं गं. जिवंत आहे ना मी?"

रूबी टेबलावर थाप मारून हसली. डीकनचं पोट हललं. लाँझो रंगात आला. पोलिसाची चाल करून दाखवली, त्या बाईचा आवाज काढून दाखवला. ओडेल हसत होता. आपण हसतोय हे त्याला कळत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

"पण तू वर गेला होतास कशाला?" डीकननी विचारलं.

"हवा खायला."

"आणि कुणीच बोललं नाही तुझ्या बाजूने? आपला कुणी नव्हता तिथे?"

लाँझोने पत्ते हातात पंख्यासारखे लावले. नीट, एकेक. "होता एक. उभा होता जरा लांब."

"कोण?" रूबी पुढे झुकली. तिला नाव हवं होतं. उद्या सकाळी सलून उघडायचं होतं.

"काय माहीत," लाँझो म्हणाला. "माझ्या ओळखीचा नव्हता."

आणि त्याने ओडेलकडे बघितलंसुद्धा नाही. "बोल ओडेल, तुझी बोली."

ओडेलच्या हातात उत्तम पत्ते होते. त्याला एकही दिसत नव्हता. लाँझोने त्याला झाकलं होतं. सगळ्यांसमोर, त्याचंच उत्तर वापरून, अंगावर पांघरूण टाकावं तसं. आता गप्प बसलं की झालं. रूबीला कळणार नाही, चर्चमध्ये कळणार नाही, स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या व्हर्नेललाही कळणार नाही. फक्त समोरच्या खुर्चीतला माणूस दर शुक्रवारी त्याला पत्ते वाटत राहील, आणि तो त्याच्या ओळखीचा नसेल.

"मी होतो तो," ओडेल म्हणाला.

रूबीला आधी थट्टा वाटली. "तू आणि लांब? तू कुठेही उभा असलास तरी जवळच असतोस."

ओडेलने पत्ते टेबलावर ठेवले.

"बाईने मला विचारलं, हा ओळखीचा आहे का. मी नाही म्हणालो." त्याचा आवाज तळ्यावर व्हायचा तसा बारीक झाला होता. "लाँझो माझ्यासाठीच आला होता तिथे."

डीकननी चष्मा काढला आणि पुसत बसले. रूबी, जिचं तोंड केस धुतानासुद्धा मिटत नाही, तिने पत्ते पालथे ठेवले आणि ओडेलच्या हाताकडे बघत राहिली. तिचा भाऊ, तिचा मुलगा, कुणाचा हात तिला आठवला कुणास ठाऊक. स्वयंपाकघरात तेल तडतडत होतं, आणि व्हर्नेल ते बंद करायचं विसरून दारात येऊन उभी होती.

"एवढं मोठ्याने सांगायची गरज होती का?" लाँझो म्हणाला. रागाने नाही. दमल्यासारखा. "चांगली गोष्ट जमली होती माझी."

"लाँझो, मी..."

"माफीबिफी मागू नकोस. मला नाही जमत, तुलाही जमणार नाही." त्याने पत्ते खाली ठेवले. "मी तिथे असतो आणि तू बाकावर असतास, तर मी काय म्हणालो असतो, ते दोन दिवस विचारतोय स्वतःला. उत्तर येत नाही. त्याचा जास्त राग आहे मला." मग म्हणाला, "उद्या सकाळी मी परत जाणार आहे वर. तू चल. म्हातारीची कुत्री घरी राहू दे. दोघंच."

ओडेलच्या डोळ्यांपुढे ती वाट आली. दोन काळे पुरुष, हात मोकळे, बरोबर काही नाही. शेजारून सरकणारी गाडी. मिसेस हॅलोरन, खिशात हात, आणि तिचा चेहरा. त्याच्या ओठांच्या कडा वर जायला लागल्या, आपोआप, आणि त्याने हाताने तोंड पुसलं.

"येतो," तो म्हणाला.

पण म्हणायला त्याला किती वेळ लागला, ते टेबलाशी बसलेल्या सगळ्यांच्या लक्षात आलं. दारातल्या व्हर्नेलच्याही. ती आत गेली आणि तिने गॅस बंद केला. मासे करपले होते. ते तसेच वाढले गेले, आणि कुणी नावं न ठेवता खाल्ले.