खिळ्यावरची चप्पल

आमच्या गल्लीतल्या एका युगाचा अंत झाला. वाक्य माझं नाही. महिन्याभरापूर्वी काळू गेला, त्या संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेल्या संदेशातलं आहे. खाली हार घातलेला फोटो होता, दोन्ही बाजूंना समया होत्या. फोटो मात्र दुसऱ्याच कुत्र्याचा होता. माझ्या बायकोने, सुनंदाने, तो पाहिला, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "कान तरी पाहायचे."

काळू पांढरा होता. वणीत हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. कोळशाच्या ट्रकांच्या रांगेखालून तो आमच्या दारात आला तेव्हा काळाच होता, आणि अंघोळ घालेपर्यंत नाव रुळून गेलं. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याच्या गाडीवर तो भुंकायचा आणि पक्ष पाहायचा नाही. त्याच्याबद्दल मला आदर वाटू लागला तो तेव्हापासून.

पहिला झटका आला तो भर दुपारी, दारासमोर. पोळी खाता खाता तो थांबला आणि भिंतीकडे पाहत राहिला... तिथून कोणी हाक मारल्यासारखा. मग पाय ताठ झाले, तो आडवा पडला, पडल्या पडल्या चारही पायांनी पळू लागला, जबडा कटकट वाजू लागला, तोंडातून फेस आला. मी पायरीवर उभा होतो आणि मला काहीच कळत नव्हतं. गल्लीला मात्र लगेच कळलं. फेस म्हणजे पिसाळलेला. त्याला लस दिलेली होती, पण तशी पाटी काही कुत्र्याच्या गळ्यात नसते. दारं लागली, मुलं आत ओढली गेली, आणि जे बाहेर आले त्यांच्या हातात काठ्या होत्या. त्यातले दोघं त्याला रोज बिस्किट घालणारे. सुनंदा काळूच्या आणि काठ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात पसरले होते. माझे मी खिशात घातले होते.

समोर रशीदभाईंचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. ते हात पुसत आले, वाकून पाहिलं, आणि पायातली चप्पल काढून काळूच्या नाकाशी धरली. माणसाला मिरगी आली की आमच्याकडे कातडी चप्पल हुंगवतात, नाहीतर कांदा. कुत्र्याला हुंगवल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "पिसाळला नाही जी," ते काठ्यांकडे न पाहताच म्हणाले, "मिरगी हाये. माह्या भावाले यायची." थोड्या वेळाने झटका आपोआप ओसरला आणि श्रेय चपलेला गेलं. काठ्या खाली आल्या. एक जण तर घरात जाऊन स्वतःची चप्पल घेऊन आला, लागली तर असावी म्हणून. काळू उठला, आत आला आणि भिंतींना धडकत घरभर फिरला. सुनंदाने हाक मारली तर तिच्यावर गुरगुरला, तिला कधी पाहिलंच नसल्यासारखा... झटक्याहून जास्त मी त्या गुरगुरण्याला घाबरलो.

जनावरांच्या डॉक्टर बाईंनी तपासून अपस्मार असल्याचं सांगितलं. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, एकही न चुकवता. झटका आला की आजूबाजूचं सामान हलवा, अंधार करा, आवाज करू नका, तोंडाजवळ हात नेऊ नका. चप्पलही नेऊ नका, असं त्या म्हणाल्या, तेही माझ्याकडे पाहून.

तरी सुनंदाने रशीदभाईंकडे त्यांची डावी चप्पल मागितली. "आन मी का लंगडी खेळत घरी जाऊ, भाभी?" असं म्हणत त्यांनी ती काढून दिलीच. दाराच्या आत खिळा ठोकला गेला, त्यावर ती अडकवली. मी सुनंदाला मेंदू, त्यातल्या लहरी वगैरे बरंच ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. अंगणात झटका आला की ती डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं करायची, आणि मग चप्पल हातात धरून त्याच्यापासून हातभर दूर बसायची, रस्त्यावरून दिसेल अशी. शिकलेल्या घरातही हे जात नाही, असं मी मनात म्हणायचो.

आमचं जगणं कानांवर आलं. जमिनीवर त्याच्या नखांची टकटक थांबली की दोघंही हातातलं टाकून धावायचो, आणि बहुतेक वेळा तो झोपलेला असायचा. एकत्र कुठे जाणं बंद झालं. फुलसावंगीच्या लग्नाला ती गेली, घाटंजीच्या तेरवीला मी. ही वाटणी कुणी केली, आठवत नाही.

शेवटच्या सकाळी गोळी चुकलेली नव्हती. हे मी आजही स्वतःला सांगतो. एक झटका ओसरायच्या आत दुसरा, मग तिसरा... मध्ये शुद्धच नाही. डॉक्टर बाई एका खेड्यावर गेलेल्या, हलवू नका, मी निघालेच, असं फोनवर म्हणाल्या. आम्ही दार लावलं, पडदे ओढले. सुनंदा त्याच्या डोक्याखाली उशी सरकवून बसली. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी उठलो, खिळ्यावरची चप्पल काढली आणि त्याच्या नाकाशी धरली.

"अहो," सुनंदा हळूच म्हणाली, "त्यानं काही होत नाही. ते लोकायसाठी होतं."

घरात लोक नव्हते. दार बंद होतं. मी ती तशीच धरून ठेवली. पाय पळायचे थांबले तेव्हा मला क्षणभर वाटलं, लागू पडली... डॉक्टर बाई आल्या, तेव्हाही ती माझ्या हातातच होती.

परवा रशीदभाई आले. चप्पल न्यायला आले असावेत, असं समजून मी ती काढायला उठलो. त्यांनी पिशवीतून उजवी काढून पुढे केली. "हेबी ठेवा. एकटी घेऊन मी काय करू?" सुनंदाने दोन्ही एकाच खिळ्यावर अडकवल्या. नखांची टकटक ऐकायला मी अजूनही मध्येच थांबतो, आणि नजर तिकडेच जाते. काल घरी कोणी नसताना त्या काढून मी पायात घालून पाहिल्या. मला एक नंबर लहान होतात.