कुंकू लागलेली वायर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवाची उपकरणी चिंचेनं घासायची, हा कोकिळाबाईंचा लग्नापासूनचा नेम. तांब्या लख्ख झाला होता, समई अर्धी उजळली होती, तेवढ्यात लेकीचा फोन आला. जया तळेगावाहून रोज आर्वीला जाते, तिथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळते. उमेदवारीचे सहा महिने आज संपत होते. चार वाजता साहेब काम तपासणार आणि मगच तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार.

"आई, जेवाले वाट पाहू नको. आन् देवाजवळ दिवा लावजो."

"काऊन वं? काय झालं?"

"चारी स्विच जोडले, पण एक वायर काम करून नाई राह्यली. सकाळपासून काढून-लावून थकली मी."

हे स्विच काय असतात ते जयानं परवा स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून समजावलं होतं. चार डबे एकावर एक ठेवायचे. मागून जाड, आखूड वायरीनं पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, असं करत शेवटचा परत पहिल्याला जोडायचा. मग चार मिळून एक होतात, आणि एखादी वायर गेली तरी उलट्या बाजूनं काम चालू राहतं. साहेब नेमकं तेच पाहणार होते, हातानं एक वायर उपसून. एक आधीच मुकी. दुसरी उपसली की अर्धं कॉलेज बंद.

"लावते," म्हणून कोकिळाबाईंनी फोन ठेवला. समई मात्र अर्धीच राहिली.

काल सुटी, म्हणून त्या वायरी घरीच होत्या. दसऱ्याला अवजारांची पूजा. नत्थूजी एसटी डेपोत मेकॅनिक होते. तीस वर्षं नवऱ्याच्या पान्यांना त्यांनी ओलं कुंकू बोटानं चांगलं दाबून लावलं, लोखंडाची कधी तक्रार आली नाही. यंदा पान्यांशेजारी लेकीच्या वायरी मांडल्या. तिघींच्या तोंडाला प्लास्टिकची टोपणं होती, त्यांवर अक्षता टाकल्या. चौथीचं टोपण निघालेलं. तिच्या उघड्या तोंडालाच कुंकू लावलं आणि टोपण घट्ट बसवून दिलं. जया तेव्हा आंघोळीला गेली होती. "माया सामानाले हात नको लावत जाऊ," हे तिनं दहादा सांगितलेलं.

अर्धी घासलेली समईच त्यांनी देवापुढे ठेवली, वात भिजवली, काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली तरी हात वातीकडे जाईना. देवाला मागायचं तरी काय? आपल्याला जे ठाऊक आहे ते लेकीला कळू नये, हे?

"पेटी संपवतं काय आज?" बाजेवरून नत्थूजी म्हणाले.

त्यांनी सगळं सांगून टाकलं. नत्थूजींचं हसू तिथंच थांबलं. "मी सांगू तिले?"

"नाई. लावलं म्या, सांगीन बी मीच."

त्यांनी लगेच फोन लावला. "जया, त्या वायरीच्या तोंडात पाह्य. कुंकू असन. काल पूजेत लावलं म्या."

 पलीकडून खरवडल्याचा आवाज आला.

"आतपर्यंत गेलं वं, आई. नाई निघत. आन् मी सकाळपासून वायरीच्या कंपनीच्या नावानं बोटं मोडून राह्यली."

"चुकलं बाई मायं."

जयानं श्वास सोडला. "माया कपाटात जास्तीची एक आहे, बंद पाकिटात. बाबाले पाठव."

"त्याहीचा पाय सुजला हाये. मीच येते."

"पाकीट फोडजो नको. आन् देवाजवळ..."

"नाई नेत."

चिंचेचे हात त्यांनी दोनदा धुतले, पदराला कोरडे केले, मगच पाकिटाला लावले. पिशवी दारात ठेवून पुन्हा काडी ओढली. या खेपेला वात लागली. मागणं एवढंच, की नवी वायर तरी चालावी. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आता दीडची आर्वीची गाडी धरायची आणि चारच्या आत वायर जयाच्या हातात द्यायची.