सरकीची लव कुठे गेली

३ मार्च २०२५, सोमवार, सकाळी अकरा. धर्माबादच्या आमच्या कारखान्यात खरेदीदाराचा माणूस आला. त्याने माल जाळून पाहायचा आहे असे सांगितले.

रुई काढल्यावर सरकीला आखूड लव चिकटून राहते. ती आम्ही यंत्रावर खरवडून काढतो आणि गाठी बांधतो. कापसाच्या आवारात आगपेटी नेत नाहीत, फाटकावर काढून ठेवतात. म्हणून चिमूटभर लव रस्त्यापलीकडे जाळली. त्याने राख निरखली. आमचे नेहमीचे गिऱ्हाईक गादीवाले, ते लव बोटांनी चोळून पाहतात. राख आजवर कोणी पाहिली नव्हती.

"राख कशाला?"

"शुद्ध आहे का ते कळतं. पुढं ॲसिडमध्ये जाती. वार्निश होतं, रंग होतो." तो हसला. "तोफेची दारू बी होती, काका."

माझी नात, लातूरला दिलेल्या मुलीची मुलगी, परदेशात परिचारिका आहे. तिच्या शहरावर तोफा चालू होत्या. दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता.

याच खरेदीदाराला आधी दोन गाड्या गेल्या होत्या. तिसरी भरून उभी होती. सौदा जुळवणाऱ्या नांदेडच्या दलालाला मी फोन लावला आणि माल शेवटी कुठे जातो ते विचारले.

"लई चौकशी करून राहिले, काका. सरकी गाय खाती, दूध कोण पितंय ते विचारता का?"

"आगाऊ पैसे कोणाचे?"

"मुंबईच्या पेढीचे."

पेढीच्या कारकुनाने सांगितले, पैसे परदेशी खरेदीदाराचे. नाव सांगता येणार नाही. माल जहाजावर चढेपर्यंतचेच त्याला माहीत होते. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माणूस ठाऊक होता.

मुलगा म्हणाला, "बाबा, रंग बी असंल. नुसत्या संशयावर गिऱ्हाईक घालवता?"

"रंग असेल तर त्यांनी तसे लिहून द्यावे."

मी पुन्हा फोन करून तशी मागणी केली. दलालाने नकार दिला.

दुपारी लातूरहून मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्हाला काही कळलं का?"

"नाही."

"कुठं आहात?"

"कारखान्यात."

मी हमालांना गाडी उतरवायला लावली. न पाठवलेल्या मालाचे आगाऊ पैसे परत पाठव, असे मुलाला सांगितले. तो घरी गेला. आधीच्या दोन गाड्या परत येणाऱ्या नव्हत्या.

संध्याकाळी नातीला पुन्हा फोन लावला. लागला नाही.

गाठी रात्री उघड्यावर राहणार होत्या. त्यांवर ताडपत्री ओढली, वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या आणि फाटकाला कुलूप लावले.