आधी कळवलेली पाहणी

मरे नदीच्या आमच्या वळणावर डेल्माला सगळे ओळखतात. शाळेच्या स्वयंपाकघरात उमेदीची वर्षं घालवल्यावर उतारवयात तिची वारसास्थळांची तपासनीस म्हणून नेमणूक झाली. आमच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, पूर्वजांच्या जागेला धक्का लागतोय असा संशय आला, की शेतात शिरून पाहणी करायचा आणि तिथल्या तिथे काम थांबवायचा अधिकार कायद्याने तिच्या हाती आला.

क्लाइव्हच्या शेतात पंपासाठी चर खणणार असल्याचं तिच्या कानावर आलं. नदीकाठी त्याच्याच हद्दीत शिंपल्यांचा उंचवटा होता. आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या तिथे चुली मांडून शिंपले भाजून खाल्ले होते. क्लाइव्ह म्हणजे डेल्माचा शाळासोबती. तिचा नवरा गेला तेव्हा भांडंभर रस्सा घेऊन आलेला माणूस. त्याच्याकडे न सांगता कसं धडकायचं? तिने फोन करून गुरुवारी येते म्हणून सांगितलं. ये की, तो म्हणाला.

ती गेली तेव्हा उंचवटा अर्धाच उरला होता. बाकीचा यंत्राने उकरून वाटेतल्या खड्ड्यांत भरला होता. पायाखाली शिंपल्यांचा चुरा वाजत होता.

"तू येणार म्हणालीस, म्हणून आधीच उरकून घेतलं," क्लाइव्ह म्हणाला. "उगाच तुझ्या-माझ्यात वाद नको."

डेल्माने तिथेच काम थांबवलं, फोटो काढले. पुढे खटला होऊन क्लाइव्हला दंड झाला, उरलेल्या भागाभोवती कुंपण पडलं. पण तिला अन्न गोड लागेना. शेवटी ती आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आयव्हीमावशीकडे गेली. फोनचं सगळं सांगितलं आणि हे काम सोडते म्हणाली.

मावशी मासे साफ करत होती.

"तो अधिकार क्लाइव्हचं मन राखायला नव्हता दिला, पोरी," ती म्हणाली. "आणि आता सोडून जाशील, म्हणजे आम्ही तुझीच समजूत काढत बसायचं? पुलापलीकडे नवा रस्ता करताहेत. तिकडे बघ आधी."

डेल्मा दुसऱ्याच दिवशी पुलापलीकडे गेली. हल्ली ती कुणालाच कळवत नाही. बाई शेफारली, असं शेतकरी म्हणतात. ती ऐकून घेते. मात्र क्लाइव्हच्या शेतातल्या पाहणीला गेली, की ती कुंपणाबाहेरच उभी राहते. फाटकाची किल्ली तिच्याकडे असते, पण आत पाऊल टाकायला तिला अजून धीर होत नाही.