बैलबाजारातली विशेषणं

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं हे धाडसच आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. पण हळदीचा वास आला की मला सांगलीतली, वखारीवरची आमची खोली आठवते. मी इंग्रजीत नापास झालो होतो, आणि पुन्हा राहिलो तर वडील मला कॉलेजातून काढून कवठे महांकाळला परत नेणार होते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी विशेषणांचे प्रकार काही डोक्यात शिरेनात, तेव्हा मी पुस्तक मिटून टाकलं. खोलीत माझ्याबरोबर राहणारा शिराळ्याचा मित्र सैन्यात भरती झाला होता आणि सकाळी निघणार होता. ट्रंक भरायची सोडून तो शेजारी येऊन बसला. "गड्या, बैल बघाय गेल्यावर काय इचारतोस?" मी म्हणालो, "कसला हाय, दात किती, ह्यो का त्यो, कुणाचा." "मग! गुण, संख्या, दर्शक, मालकी. झालं की चार प्रकार! उगंच लय भ्यालास रं." मग खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पोत्याला आणि टेम्पोला आम्ही इंग्रजीत विशेषणं लावत बसलो. निकाल लागला तेव्हा ट्रेनिंगमुळे त्याचा फोन बंद होता. घरी पेढे वाटले, पण ज्याला आधी सांगायचं त्यालाच ठाऊक नव्हतं. परवा अखेर त्याचा फोन आला. "पास झालो रं," एवढंच मी बोललो. तो इतका मोठ्यानं ओरडला की पलीकडं कुणीतरी "क्या हुआ?" विचारलं, आणि तो म्हणाला, "मेरा भाई पास हो गया."