पाणी तिकडं, काटा हिकडं

लोकं चमत्कार बघाया कुठंकुठं जात्यात. जाऊ द्या बापडी. म्या आमच्या साखर कारखान्यात जे बघितलं ते ह्या दोन डोळ्यांनी बघितलं, आन आजबी आठवलं की अंगावर सर्रकन काटा येतो. कुणाला हसायचं त्यानं हसावं. माझं नाव कडूबाई. नावासारखीच हाय म्या, गोडगोड बोलाया मला जमत न्हाय.

भूम आन परंड्याच्या मधी आमचा सहकारी कारखाना. तिथं म्या बॉयलरच्या बुडाशी भुसा वढायच्या कामावर व्हते. ऊस पिळून उरतो त्यो चोथा म्हंजी भुसा, त्योच बॉयलरच्या पोटात जाळायचा. दिवसभर नाकातोंडात भुसा, घरी गेलं तरी भाकरीला त्योच वास. आन तिथंच वायरमन व्हता मच्छिंद्र. त्याचंच सांगायचंय मला.

मच्छिंद्रची आई भिमाबाई आन म्या, दोघींनी बाहत्तरच्या दुष्काळात एकाच पाझर तलावावर खडी फोडली. आमी हातोडा मारायचो आन हे येडं मुकादमाचा मोडका रेडिओ उघडून त्याच्या तारा मोजत बसायचं. मुकादमानं एकदा कान पिळला, तर म्हणतो कसा, "बोलतंय कुठनं ते बघतोय." पुढं धाराशिवला आयटीआय केली, आन कारखान्यात हंगामी वायरमन म्हणून लागला. हंगामी म्हंजी ऊस हाय तवर काम, ऊस सपला की घरी.

त्यांचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. घरात बुद्धाची तसबीर. पुजेचं ताट न्हाय, अंगारा न्हाय, नारळ न्हाय. मच्छिंद्र कुणाच्या देवाला नावं ठिवायचा न्हाय, पण पुजेच्या ताटाला हातबी लावायचा न्हाय. हळद खायाची ती कालवणातली, तेवढीच. आमच्यात काही लोकांना त्याचा राग यायचा. तुमच्या बापाचं काय जातंय रं, असं म्या तोंडावर म्हणायची, पण माझं ऐकतंय कोण.

बॉयलरवर थोरले फायरमन आबाराव. डोक्याला पटका, मिश्या पांढऱ्या, आवाज असा की भोंग्याची गरज न्हाय. बॉयलरच्या माथ्यावर पाण्याची मोठी टाकी असती, आन तिच्या अंगाला एक काचंची नळी. नळीत जेवढं पाणी दिसंल तेवढं टाकीत. पाणी कमी झालं आन खाली जाळ तसाच ऱ्हायला, की बॉयलर फुटतो. तेरखेड्याचे फटाके त्याच्यापुढं लेकराचं खेळणं. आबारावांनी आख्खा जन्म त्या काचंकडं बघण्यात घातला. जिना चढायचा, काच बघायची, उतरायचं, परत चढायचं. गुडघ्याच्या वाट्या झिजल्या बिचाऱ्याच्या.

सत्त्याऐंशी साली, दुष्काळ असूनबी, कारखान्यानं नवीन यंत्रणा आणली. बॉयलरला ठिकठिकाणी लोखंडी खिळ्यासारख्या वस्तू बसवल्या. एक पाणी किती ते ओळखायची, एक वाफंचा दाब, एक उष्णता. त्या समद्यांच्या तारा बॉयलरजवळच्या एका पत्र्याच्या पेटीत. आन पेटीतनं एकच जाड तार, पार उसाच्या यार्डाच्या पलीकडं, पॅनेलच्या खोलीत. तिथं भिंतीवर काटे. पुण्याहून आलेला माणूस त्या पेटीला कायतरी इंग्रजी नाव घ्यायचा. आमी नुसतं पेटी म्हणायचो. जोडणी समदी मच्छिंद्रनं केली. कारखान्याच्या मोठ्या सायबांनी सांगितलं व्हतं, पेटी नीट चालली तर तुला कायम करू. भिमाबाईला कंबर वाकून दुसऱ्याच्या रानात खुरपाया जावं लागायचं, ते सुटणार व्हतं. माउली रोज मला इचारायची, "कडू, काटा हलतोय का गं?"

एक दिवस मच्छिंद्र म्हणला, "मावशी, चला, तुमाला गंमत दावतो." मला पॅनेलच्या खोलीत उभं केलं. एका काट्यावर बोट ठिवून म्हणला, "हिकडं बघत ऱ्हावा. म्या पेटीपाशी जातो आन उष्णतेचा खिळा तुमच्या चहात बुडवतो."

"माझा चहा?" म्या म्हणलं. "मेल्या, मग पिऊ काय?"

पण गेला त्यो. म्या उभी. खोलीत चिटपाखरू न्हाय. आन काय सांगू बायांनो, काटा हलला! आपला आपण. सावकाश वर चढला. तिकडं यार्डापलीकडं माझा चहा कपात वाफाळतोय, आन त्याची ऊब हिकडं भिंतीवर! मधी कोण धावत आलं न्हाय, कुणी वरडून सांगितलं न्हाय. म्या तोंडाला पदर लावून तशीच उभी ऱ्हायले. मग भाईर पळत सुटले, "आरं, माझा चहा दिसला! माझा चहा दिसला!" लोकांना वाटलं बाईला भूतबाधा झाली.

 मच्छिंद्रच्याबी डोळ्यांत तेच व्हतं, नवल. म्हणला, "मावशी, जोडली म्याच. तरी मलाबी खरं वाटंना बघा."

मग आलं अग्निप्रदीपन. म्हंजी हंगामाच्या आधी बॉयलरची पूजा करून पहिला जाळ लावायचा. त्या दिवशी मच्छिंद्र पॅनेलच्या खोलीत तारा घट्ट करीत व्हता. हिकडं भटजींनी बॉयलर पुजला, चेअरमननी नारळ फोडला, लोकं पेढे खायाला पांगली. आबाराव ताट घिऊन पेटीपाशी गेले. म्या तिथंच झाडत व्हते. म्हणले, "कडूबाई, नवं यंत्र घरात आलं आन त्याला कुकू न्हाय, हे बरं दिसतं व्हय?"

"लावा की," म्या म्हणलं. पेटीला कुकू लावलं तर काय बिघडतंय, असंच मला वाटलं. आन म्या भुशाची पाटी घिऊन गेले.

आता आबाराव लई श्रद्धेचा माणूस. मला मागनं कळलं, त्यांनी मनाशी काय इचार केला, तर भाईर नुसता पत्रा, जीव हाय आत. पत्र्याची पूजा करून काय उपेग? म्हणून त्यांनी झाकण उघडलं, आतल्या तारांना हळदीचं पाणी शिंपडलं, कुकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, आन वर नारळाचं पाणीबी ओतलं. हात जोडले. झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी हळूहळू वाफ धराया घेतली, आन काटा भलतंच सांगाया लागला. काचंत पाणी अर्धं, आन पॅनेलच्या खोलीतनं हाळी, काटा म्हणतोय टाकी भरलीया! आबाराव जिन्यावरनं बोंबलत उतरले. म्हाताऱ्याची नजर काचंवर व्हती म्हणून निभावलं, न्हायतर भरलीया म्हणून पाणी बंद केलं असतं आन समदे वर गेलो असतो. मोठ्या सायबांचा चेहरा राखंगत झाला. मच्छिंद्रला म्हणले, "गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून गाळप सुरू करायच्या आत हे नीट झालं नाही, तर पेटी काढून टाकतो. आणि तूही यार्डात, ऊस उचलायला."

झालं. लोकांची तोंडं सुटली. पूजा चुकवून हा पॅनेलमधी जाऊन बसला, मग दुसरं काय हुणार, असं जो त्यो म्हणाया लागला. आन आबाराव, देवमाणूस म्हणते म्या त्यांना, पण तेबी चारचौघांत बोलले, "ज्यानं तिला हात जोडले न्हाईत, त्याच्या हाताखाली ती चालंल कशी?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण मच्छिंद्रनं ऐकून न ऐकल्यावानी केलं.

त्यानं मला बॅटरी धराया बोलावलं. बॉयलरच्या बुडाशी दिवसाबी अंधारच असतो. त्यानं झाकण काढलं, म्या उजेड पाडला, आन दोघंबी आत वाकलो. आत तांदूळ. कुकवाचा चिखल. हळदीनं पिवळ्या झालेल्या तारा. स्क्रूंवर हिरवं चढलेलं. ओलीनं वीज भलत्या वाटंनं जात व्हती, म्हणून काटा खोटं बोलत व्हता.

"अगं बाई!" म्या म्हणलं. "हे तर आबारावांचं काम. चल, आत्ताच्या आत्ता सायबाला दावू. बोलव त्यांना, बघू दे म्हाताऱ्याला!"

"मावशी, हळू," त्यो म्हणला. "म्या म्हणलो तुमच्या पुजेनं पेटी बिघडली, तर लोकं काय ऐकत्याल? ह्यानं आमच्या देवाला नाव ठिवलं, एवढंच ऐकत्याल. पेटी ऱ्हाईल बाजूला आन गावात भलतंच पेटंल. आन आबांनी काय वाइटासाठी केलं न्हाय."

"आन तुझी नोकरी?"

त्यो बसला मांडी घालून. एक एक तार सोडवली, तिला चिठ्ठी बांधली. फडकं स्पिरिटमधी बुडवून एक एक स्क्रू पुसला, जसं आई तान्ह्या लेकराचे कान पुसती. अक्षता एक एक करून येचल्या आन टाकून न देता कागदात बांधून ठिवल्या. दुसऱ्याच्या देवाच्या हायेत, म्हणला. म्या बॅटरी धरून रडत व्हते, खोटं कशाला बोलू. मग बल्ब लावून पेटी सुकवली, तारा जोडल्या, झाकणाला रबर बसवून आवळलं.

मोळीच्या आदल्या सकाळी पारख झाली. वर काचंपाशी बंडप्पा फायरमन. त्यानं टाकीचं पाणी थोडंथोडं सोडायचं, परत भरायचं आन हाळी द्यायची, मधी उभ्या माणसांनी ती पुढं पोचवायची. पॅनेलच्या खोलीत सायेब, मच्छिंद्र, आन सायबांनी मुद्दाम बोलावलेले आबाराव. म्या दारात. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला हाकलायची हिंमत कुणाची हाय?

आबाराव हाताची घडी घालून उभे. आन काटा हलला. सावकाश, खाली. थोड्या येळानं यार्डातनं हाळी आली, "पाणी उतरलंऽऽ!" पुढं काटा थांबला, आन मागनं हाळी, "थांबलंऽऽ!" मग काटा वर निघाला. आबाराव पुढं झाले. हाळी पोचायच्या आधी काट्याला ठावं! जन्मभर ज्या पाण्यासाठी ते जिना चढले, ते पाणी त्यांच्या म्होरं भिंतीवर चढत व्हतं, उतरत व्हतं.  पटका काढून छातीशी धरला त्यांनी. मलाबी वाटलं, देवळात उभी हाय.

"ठीक," सायेब म्हणले. "आता सांग मच्छिंद्र, बिघडलं कशानं होतं?"

"झाकण सैल ऱ्हायलं व्हतं सायेब. ओल गेली आत. माझ्याकडनं चुकलं."

"चुकलं? अरे, माणसं मेली असती! असा निष्काळजी माणूस मी बॉयलरजवळ ठेवणार नाही. उद्यापासून यार्डात."

मच्छिंद्रनं मान खाली घातली. म्या तोंड उघडणारच व्हते, आईशप्पथ, पण त्याच्या आधी आबाराव सरकले. त्यांची नजर मच्छिंद्रच्या हातावर व्हती. स्पिरिटनं विरघळलेली हळद बोटांत, नखांत, पार मनगटापर्यंत बसली व्हती.  मग त्यांनी त्यो हात धरला, सायबांच्या म्होरं उचलला.

"सायेब," ते म्हणले, आन त्यो भोंग्यासारखा आवाज पार बसला व्हता, "हे पोरगं पुजेच्या ताटाला कधी शिवत न्हाय. मग ह्याच्या हाताला ही हळद कुठनं आली? ही माझ्या ताटातली हाय. झाकण म्या उघडलं. पाणी म्या ओतलं. यार्डात मला पाठवा."

 सायेब काट्याकडं बघत ऱ्हायले, मग त्या दोघांकडं. "कुणी जायचं नाही यार्डात," ते म्हणले. "पेटी राहील. मच्छिंद्र पेटीवरच राहील, कायम."

आबारावांनी हात सोडलाच न्हाय. पटक्याचं टोक थुंकीनं वलं केलं आन मच्छिंद्रची बोटं पुसाया लागले. हळद काय निघंना. तरी ते पुसतच व्हते.